वानोळ्याचं राज्य

माझ्या एका नाटकातल्या राज्यात लाच घेणाऱ्याचा हात मनगटापासून तोडतात. त्यामुळे तिथे सगळ्यांचे हात शाबूत आहेत आणि वानोळ्याशिवाय कुणाचंच काम होत नाही. झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भात, हे नाटक बरं चाललं. वडशाच्या ज्या नाटक कंपनीनं ते बसवलं, तिचा मालक अजून मला फोनवर ‘काय राजेसाहेब’ म्हणतो. गावोगावचे प्रेक्षक विचारतात, सर, असं राज्य तुमाले सुचलं कसं? मी थोडा वर पाहतो, डोळे बारीक करतो आणि म्हणतो, कल्पना. साफ खोटं आहे ते. मी फक्त कपडे बदलले. आमच्या तहसील ऑफिसला मुकुट घातला, खुर्चीला सिंहासन म्हटलं आणि पंख्याऐवजी चवरी ढाळायला दोन पोरी उभ्या केल्या, झालं.

मी कारकून आहे. गडचिरोलीच्या जंगलातल्या एका तालुक्याला माझी नोकरी. तालुक्याचं नाव सांगत नाही, कारण सांगितलं तर बाकीच्या तालुक्यांचे बाबू रुसतील की आमच्यात काय कमी आहे. दाखल्यांचं टेबल माझ्याकडे. जातीचा, उत्पन्नाचा, रहिवासाचा, जो पाहिजे तो दाखला माझ्या टेबलावरून साहेबाकडे जातो. आता सगळं ऑनलाइन झालं आहे. लोक सेवा केंद्रात अर्ज भरतात, तो माझ्या कॉम्प्युटरवर येतो, मी तपासतो, एक बटण दाबतो आणि तो साहेबाच्या कॉम्प्युटरवर जातो. ऑनलाइन आल्यानं भ्रष्टाचार संपला असं पेपरात छापून येतं. आमच्याकडे तर तो आधीपासूनच नव्हता. आमच्याकडे वानोळा होता.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. शेतात, वाडीत, रानात हंगामाचं पहिलं जे काही निघतं, त्यातलं थोडं शेजाऱ्यांना, लेकीबाळींना, सोयऱ्यांना द्यायचं, तो वानोळा. माझी आई वाडीतल्या वालाच्या पहिल्या शेंगा चार घरी दिल्याशिवाय फोडणीला टाकत नसे. ज्यांच्याशी बोलणं बंद, त्यांच्याही घरी द्यायची. देताना तोंड फुगवून द्यायची, पण द्यायची. यात काही कपट नव्हतं. मला विचाराल तर आपल्या लोकांनी काढलेल्या सगळ्या रिवाजांत हा सगळ्यात गोड.

तो ऑफिसात केव्हा शिरला, देव जाणे. मी नोकरीला लागलो तेव्हा तो आत बसलेला होता, माझ्यापेक्षा सीनियर. पावसाळा लागला की रानातून सात्या यायच्या, वारुळावर उगवतात ती अळंबी, आणि त्यांच्या वासानं अख्खी कचेरी दुपारी बारालाच जेवायला बसायची. मग बांबूचे वास्ते, म्हणजे कोवळे कोंब, धानाच्या बांधीतले खेकडे, दिवाळीनंतर नवा तांदूळ, पुढे लाखोळीची डाळ, उन्हाळ्यात चारोळी आणि मध. आमचा शिपाई टोपलीवरचं फडकं न काढता आत काय आहे ते सांगायचा. एवढं तयार नाक देवानं उगाच एका शिपायाला दिलं असं मला वाटतं.

आणि हे सगळं इमानदारीत चालायचं, हो. आमच्या साहेबाला त्याचा केवढा अभिमान. ‘माझ्या ऑफिसात पैसा शिवत नाही कोणी,’ असं ते वर मीटिंगमध्ये छाती काढून सांगत, आणि ते खरं होतं. चंद्रपूरच्या ऊर्जानगरकडून आलेला एक ठेकेदार एकदा मिठाईचा बॉक्स घेऊन माझ्या टेबलाशी आला. साहेबाचं लक्ष गेलं. त्यांनी त्याला केबिनबाहेर येऊन असा झापला की बिचारा बॉक्स तिथंच टाकून पळाला आणि शिपायाला तो रस्त्यापर्यंत जाऊन परत करावा लागला. विकत आणलेलं म्हणजे लाच. घरचं, वाडीतलं, रानातलं म्हणजे माया. हा फरक ज्याला कळत नाही त्याला आमच्या भागात राहायचा अधिकार नाही, असं साहेब दिवसभर सांगत होते, आणि मधून मधून चारोळीचे दाणे तोंडात टाकत होते.

दुसरं म्हणजे आम्ही मागत नसू. मागणं म्हणजे भिकारपण. कोणी रित्या हातानं आला तर आम्ही त्याला ‘या भाऊ, बसा’ म्हणायचो, पाणी द्यायचो, विचारपूस करायचो. त्याचा अर्ज मात्र कॉम्प्युटरवर जिथं होता तिथं राहायचा. कोणी अडवलेला नसायचा तो. फक्त पुढे गेलेला नसायचा.

आणि सगळ्यात कडक नियम हा की काम झाल्यावर काही घ्यायचं नाही. आधी दिलं तर तो वानोळा, कारण देताना माणसाच्या मनात मोबदला नसतो, काम तर अजून झालेलं नसतं. नंतर दिलं तर ती लाच, कारण आता तो कामाची किंमत चुकवून राह्यला. हे तत्त्व कोणी काढलं माहीत नाही, पण मी त्याचा मोठा पुरस्कर्ता होतो. नव्या आलेल्या पोरांना मी ते समजावून सांगायचो आणि ती माना डोलवायची. आज लिहिताना लाज वाटते, तेव्हा वाटत नव्हती. तेव्हा मी स्वतःला तालुक्यातला सगळ्यात स्वच्छ माणूस समजत होतो.

त्या वर्षी पावसाळ्यात वडशाच्या मालकानं माझ्याकडून नाटक मागितलं. दिवाळीनंतर सीझन सुरू होतो, गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, बैलांच्या शर्यतींचे शंकरपट होतात, आणि जिथं मंडई तिथं नाटक. त्याला राजाराणीचं पाहिजे होतं. ‘सासूसुनेचं लय झालं, सर. यंदा मुकुट पायजे, तलवार पायजे, पण लोक हसले पायजेत,’ असं म्हणाला. मी विचार केला, आपण जे रोज पाहतो ते राजाच्या दरबारात टाकावं. नोकरीही राहते आणि हौसही फिटते. कोणाच्या बापाची हिंमत आहे मुकुटाखाली साहेब ओळखायची?

पहिला अंक आठ दिवसांत झाला. राजा गादीवर बसल्याबरोबर दवंडी देतो की लाच घेणाऱ्याचा हात तोडला जाईल. प्रजा आनंदानं नाचते, तिथं एक गाणं. दुसऱ्या दिवशी प्रधान दरबारात येतो तो दोन्ही हात पाठीमागे बांधून. म्हणतो, महाराज, आता हे हात कशालाच लागणार नाहीत. मग लोक त्याच्या ओसरीवर वानोळा ठेवून जाऊ लागतात. प्रधान हात लावत नाही, बायको उचलते. कोतवालाकडे दिला जात नाही, त्याच्या बैलासमोर ठेवला जातो. न्यायाधीश निकालाआधी फिर्यादीच्या घरची भाजी कशी लागली एवढंच सांगतो. शेवटी राजा वेष पालटून रात्रीचा फिरतो आणि त्याला आढळतं की राज्यात एकही लाचखोर नाही. तो इतका खूश होतो की कायदा आणखी कडक करतो. आता लाचेचा विचार केला तरी डोकं तोडायचं. लोक विचार करणं सोडून देतात आणि कारभार अजून सुरळीत होतो.

मालक मोटारसायकलवर भिजत ऑफिसातच आला ऐकायला. माझ्या टेबलाशी स्टूल ओढून बसला, पहिला अंक ऐकून मांडीवर थापा मारून हसला, आणि मग एकदम गंभीर झाला.

‘झकास आहे. पण व्हिलन कुठी आहे?’

‘यात व्हिलन नाही,’ मी म्हटलं. ‘यात सगळे आपापल्या रिवाजानं वागतात. वाईट कोणीच नाही.’

‘अरे बाप्पा. असं कसं जमन, सर? मी ज्याले अॅडव्हान्स देऊन ठेवला, त्याचं काय करू? त्याच्या मिशा पाहाले लोक तिकीट काढते.’ मग त्यानं स्टूल जरा जवळ घेतलं. ‘आन् वाईट कोणी नाई तं मंग प्रजेचं वाटोळं कोण करते?’

 मी म्हटलं दुसऱ्या अंकात पाहू. तो गेला, आणि मी पुढचे पंधरा दिवस ऑफिसच्या वेळात, ऑफिसच्या कागदावर, त्या राज्यासाठी एक खलनायक शोधत बसलो.

त्याच आठवड्यात नदीपल्याडच्या एका गावचा गोंड शेतकरी आला. पावसाळ्यात त्या गावाला एसटी जात नाही. नाव वल्हवून नदी, मग चिखलातून पायी, मग काळीपिवळी जीप, असा येऊन तो दारात उभा राहिला. छत्री बाहेर ठेवली, पायातली चप्पल बाहेर काढली. सोबत त्याची पोरगी होती, प्लास्टिकच्या पिशवीत फाईल घट्ट धरून. बारावी झाली होती. चंद्रपूरला नर्सिंगला तिचा नंबर लागला होता. जातीचा दाखला महिनाअखेरपर्यंत कॉलेजात दाखवायचा होता, नाहीतर सीट जाणार होती. अर्ज भरून झाला होता आणि माझ्या कॉम्प्युटरवर येऊन पडला होता. मी पाहिला. कागद सगळे बरोबर होते, एक टाचणी कमी नव्हती.

‘बसा, भाऊ,’ मी म्हटलं.

तो बसला नाही. हात जोडून म्हणाला, ‘बाबू, तुमच्यासाठी काई आणलं नाई. वाडीत मक्का लागला, वाळकं लागले, कोसरी बी येऊन राह्यली. पण पंडूम नाई झाला अजून. पंडूम झाला की पयलं तुमाले आणतो.’

कोसरी म्हणजे बारीक भरडधान्य, आणि पंडूम म्हणजे त्यांचा नव्याचा सण. वाडीत मक्का पिकून पडला तरी गावानं मिळून देवाला दाखवल्याशिवाय कोणी कणीस मोडत नाही. पोरं रडली तरी नाही. खाणं तर सोडाच, घराबाहेर द्यायचंही नाही. गावचा गायता, म्हणजे देवाधर्माचं पाहणारा म्हातारा, दिवस ठरवतो आणि मग सगळं गाव एकाच दिवशी नवं खातं. हे मला सगळं ठाऊक होतं. इतकी वर्षं त्या भागात काढली, मी काही पुण्याहून आलेलो नव्हतो.

मला त्या माणसाचं कौतुकच वाटलं. रित्या हातानं आलो म्हणून इतक्या अदबीनं माझी माफी कोणी मागितली नव्हती. मी म्हटलं, ‘रिवाज म्हणजे रिवाज, भाऊ. देवाच्या आधी आम्ही कोण?’ तो हसला. पोरगीही जराशी हसली. ते गेल्यावर मी माझ्या कागदावर त्याच्या अर्जाच्या नंबरापुढे पेन्सिलीनं ‘येणार’ असं लिहिलं.

आता माझी अडचण समजून घ्या. त्याचं काम मी लगेच केलं असतं तर त्यानं पंडूमनंतर आणलेला मक्का काय ठरला असता? लाच. काम झाल्यावरची. मी एका भल्या माणसाला लाच देणारा बनवलं असतं आणि स्वतः घेणारा झालो असतो. माझ्यासारख्या स्वच्छ माणसाकडून हे होणं शक्य नव्हतं. त्याला बोलावून सांगावं की बाबा, दुसरं काहीतरी आण, तर ते मागणं झालं. तेही आमच्यात बसत नाही. आणि तो तर पंडूमआधी काही देऊच शकत नव्हता. तो त्याच्या रिवाजाला पक्का, मी माझ्या. मधे त्या पोरीचा अर्ज.

आठ दिवसांनी तो परत आला, या वेळी एकटा. मला वाटलं दाखल्याचं विचारील. तर हा आला होता सांगायला की पंडूम पुढे गेला. गावात एक म्हातारा वारला, त्याचं दिवसपाणी झाल्याशिवाय सण नाही, असं गायत्यानं सांगितलं.

‘तुमी वाट पाहून राह्यले असान, म्हून आलो सांगाले,’ तो म्हणाला. एवढ्यासाठी तो नदी ओलांडून आला होता. मग जाताना म्हणाला, ‘पोरीनं पेटी घेतली, बाबू. कालेजात पेटी लागते म्हणे, कुलपाची. गावात सगळ्याले दाखवून राह्यली.’

मी म्हटलं, ‘वा.’

शिपायाला राहवलं नाही. त्यानं त्याला व्हरांड्यात गाठलं आणि आपल्या पद्धतीनं आडून सुचवलं, ‘भाऊ, साहेब तुमची लय आठवण काढते.’ त्या माणसाला भरून आलं. म्हणाला, ‘साहेबाले सांगा, मी बी काढतो.’ शिपाई कपाळाला हात लावून आत आला. ‘याले काई समजतच नाई, बाबू,’ म्हणाला. आम्ही दोघं हसलो. हसलो हे लपवण्यात काही अर्थ नाही.

घरी मी हा किस्सा बायकोला रंगवून सांगितला. मला वाटलं हसेल. ती कणीक मळत होती, मळता मळता थांबली.

‘बटण दाबाले तुमाले कोसरी लागते काय?’

मी तिला तत्त्व समजावलं. आधी आणि नंतर, माया आणि लाच, सगळं. नव्या पोरांना सांगतो त्यापेक्षा जास्त मन लावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

‘मंग ते कालेज तुमच्या तत्त्वासाठी थांबन काय?’

‘तुले ऑफिसातलं कळत नाही,’ मी म्हणालो.

‘नाई कळत, चांगलंच हाय,’ ती म्हणाली आणि परत मळायला लागली. मला राग आला.  पण सकाळी ऑफिसला जाताना मी ठरवलं होतं की पहिलं काम त्या पोरीच्या अर्जाचंच करायचं.

केलं नाही. त्या दिवशी ऑफिसात भ्रष्टाचाराविरुद्ध शपथ होती. सगळ्यांनी व्हरांड्यात रांगेत उभं राहून उजवा हात पुढे केला आणि साहेबाच्या मागे मागे म्हटलं की आम्ही लाच घेणार नाही, देणार नाही, कोणाला घेऊ देणार नाही. माझा आवाज नाटकवाल्याचा, त्यामुळे तो सगळ्यांत वर. शपथ झाल्यावर कोणीतरी आणलेली उकडलेली कणसं वाटली गेली. कणीस दाताला लावलं आणि मला दुसरा अंक सुचला.

दुसऱ्या अंकात त्या राज्यातला एक गरीब माणूस येतो. त्याच्या मुलीला राजवैद्याकडे शिकायला जायचं आहे आणि त्यासाठी राजमुद्रेचा कागद पाहिजे. तो रिता आहे, कारण त्याच्या कुळाचा देव अजून नव्याला बसलेला नाही. दरबारातला प्रत्येक जण त्याला मान देतो, बसायला पाट देतो आणि उद्या या म्हणतो. हा प्रवेश मी तीन दिवस लिहीत होतो. तो बाप राजवाड्याच्या पायरीवर बसून मुलीला समजावतो, तिथे तर माझ्या स्वतःच्या डोळ्यांत पाणी आलं. मी रुमाल काढला. समोर कॉम्प्युटर चालू होता, त्यात तो अर्ज होता, आणि मी हाताच्या अंतरावर बसून कागदावरच्या बापासाठी रडत होतो. शिपायानं विचारलं, बाबू, घरी सगळं ठीक ना? मी म्हटलं, ठीक आहे, नाटक लिहून राह्यलो.

ते तीन दिवस त्या महिन्याचे शेवटचे होते. मला तारीख ठाऊक नव्हती असं म्हणता येणार नाही. माझ्या मागे भिंतीवर कॅलेंडर होतं.

नाटकात पुढं काय झालं ते आधी सांगून टाकतो. मालकानं हट्टच धरला, म्हणून शेवटी शेजारच्या राज्याचा मिशीवाला राजा आणला. तोच सगळी कारस्थानं करत होता असं निघालं. आमचा राजा त्याला तलवारीनं हरवतो, स्वतःच्या हातानं त्या मुलीला कागद देतो आणि पडदा पडतो. लोक टाळ्या वाजवतात. बाया पदर डोळ्याला लावतात. चिमूरकडच्या एका गावात तर त्या मिशीवाल्याला कोणीतरी चप्पल फेकून मारली, आणि तो नट मला दुसऱ्या दिवशी म्हणाला, सर, भूमिका सोन्यासारखी लिहिली. खरं काय झालं ते मी नाटकात घातलं नाही. घातलं असतं तर चप्पल कोणाला लागली असती ते मला माहीत आहे.

नव्या महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात शिपाई हसत आत आला. ‘बाबू, तुमचा नदीपल्याडचा आला. भरून आला या टाइमाले.’

बाप पुढे, पोरगी मागे. बापाच्या डोक्यावर टोपली. खाली ठेवली तर वर सागाची पानं, खाली मक्याची कणसं, दोन लांब वाळकं, आणि पळसाच्या पानाच्या द्रोणात नवी कोसरी. नुसता पाहिला तरी कळत होतं की माणूस सण करून आला आहे. अंगावर धुतलेला सदरा होता.

‘पंडूम झाला, बाबू. सांगितलं होतं ना, पयलं तुमाले.’

मी टोपलीकडे पाहिलं आणि कॉम्प्युटरकडे वळलो. आमची पद्धत आता पूर्ण झाली होती. आधी वानोळा, मग काम, सगळं शुद्ध. मी अर्ज उघडला, बटण दाबलं. स्वतः उठून साहेबाच्या केबिनमध्ये गेलो, साहेबाला टोपलीचं सांगितलं. साहेबानं लगेच सही केली. अर्ध्या तासात दाखला छापून माझ्या हातात होता. मी तो पोरीला दिला, आणि आता धन्यवाद म्हणेल म्हणून थांबलो.

तिनं तो उभ्या उभ्या वाचला. नाव वाचलं, बापाचं नाव वाचलं, गाव वाचलं. मग फाईलमध्ये नीट ठेवला.

‘तारीख गेली, सर,’ ती म्हणाली. ‘चार दिवस झाले. कालेजले फोन केला होता. सीट दुसऱ्याले दिली म्हणे.’

ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं. काय बोलायचं ते तरी सुचलं असतं. बापच म्हणाला, ‘होते असं, बाबू. पुढच्या साली पाहू. दाखला तं भेटला ना.’ त्याचा माझ्यावर रागच नव्हता. माझ्यावर राग यावा असं काही घडलं आहे हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. दिलेला शब्द पाळायचा म्हणून तो टोपली घेऊन नदी ओलांडून आला होता. पोरीची सीट गेली हे माहीत असून आला होता. त्या टोपलीचा आणि दाखल्याचा त्याच्या लेखी काही संबंध नव्हता. आमच्या ऑफिसात इतक्या वर्षांत आलेला तेवढा एकच खरा वानोळा होता.

 मी टोपली त्याच्याकडे सरकवली. ‘भाऊ, हे नको. घरी न्या. लेकरं खातील.’

त्याचा चेहरा उतरला. सीट गेली सांगताना उतरला नव्हता तेवढा. ‘काऊन, बाबू? आमच्या घरचं तुमाले चालत नाई काय?’

सगळं ऑफिस आमच्याकडे पाहायला लागलं. काय सांगणार होतो मी त्याला? की आता हे घेतलं तर ती लाच होईल? घेतलं नाही तर त्याच्या घराचा, त्याच्या देवाचा अपमान होत होता. मी दोन्ही हातांनी टोपली घेतली. म्हटलं, चालते, भाऊ, काऊन नाही चालणार. तो खुलला. शिपाई पुढे झाला आणि कणसं मोजल्यासारखी बाजूला काढायला लागला.

बाप छत्री घ्यायला बाहेर गेला. पोरगी माझ्या टेबलाशी थांबली. तिनं टोपलीकडे पाहिलं, माझ्या कॉम्प्युटरकडे पाहिलं, आणि साहेबाच्या केबिनकडे पाहिलं. अर्ध्या तासात काय झालं ते तिनं उभं राहून बघितलं होतं.

‘सर, पुढच्या साली उत्पन्नाचा दाखला नवा लागन. हॉस्टेलचा बी कागद लागन. तो तुमच्याकडेच येते ना?’

‘माझ्याकडेच येते,’ मी म्हणालो.

‘मंग किती दिवस आधी आणून द्याचं?’

टोमणा नव्हता तो. नदीपल्याडची नाव किती वाजता सुटते हे विचारावं तसं तिनं विचारलं. बापाला इतके हेलपाटे घालून जे कळलं नव्हतं ते तिला अर्ध्या तासात कळलं होतं, आणि शिकवणारा मी होतो. मला म्हणायचं होतं की काही आणू नको, माये, तू फक्त ये. म्हटलं नाही, टेबलावरचे कागद सारखे करत राहिलो. नाटकात शंभर लोकांना बोलायला लावणारा मी.

मी बोलत नाही असं पाहून शिपायानं कणसांतून मान वर केली. ‘पंधरा दिवस धर, बाई,’ तो तिला समजावत म्हणाला. ‘आन् पंडूमचं सांगू नको. कोंबडी चालते.’

तिनं फाईल उलटी केली, पेन काढलं आणि मागच्या पुठ्ठ्यावर लिहून घेतलं.